पीडीएफमधली कमान: माल्टाच्या आलिशान सहलीचा हिशेब

तारकर्लीला आमच्या घरी उतरलेले पाहुणे गेली अकरा वर्षं आमच्याबद्दल लिहीत आलेत. "जेवण उत्तम, पण पंखा कुरकुरतो." "पहाटे चारला कोंबडा ओरडतो, व्यवस्थापनाने लक्ष द्यावे." पंख्याला तेल घातलं. कोंबड्याचं काही करता आलं नाही. सांगायचं एवढंच की परीक्षण वाचून घरमालकाच्या पोटात कसा गोळा येतो ते मला माहीत आहे, म्हणून खाली जे लिहिलंय ते जरा तोलून लिहिलंय. सहल आखून देणाऱ्या कंपनीचं नाव त्यासाठीच देत नाही. कंपनी आपल्याच राज्यातली आहे, घाटावरची, आणि "भूमध्य समुद्रातल्या बेटांवर आलिशान सुट्टी" ही तिची जाहिरात आहे.

लग्नाला तीस वर्षं झाली. मे महिन्यात चार खोल्या भरलेल्या असताना घावणं घालता घालता मी ह्यांना म्हटलं, एकदा तरी मला कोणीतरी वाढलेलं खायचंय, आणि दुसऱ्याने घातलेल्या चादरीवर झोपायचंय. हे म्हणाले, गोव्याला जाऊया. मी म्हटलं, समुद्र ओलांडून. मग मुलाने ही कंपनी शोधली.

पहिला घोळ तारखांचा. आमचा धंदा पावसात बंद, होड्या ओढून वर घेतलेल्या, म्हणजे जून-जुलै आम्ही मोकळे. कंपनीतल्या मुलीने फोनवर स्पष्ट सांगितलं, जुलैत माल्टाला जाऊ नका, दगड तापतो, गर्दी मरणाची असते आणि हॉटेलं दीडपट महाग. हा सल्ला शंभर टक्के खरा होता आणि तिने तो स्वतःचं बुकिंग लांबणीवर टाकून दिला, हे मी तिच्या खात्यावर जमा धरते. तिने सप्टेंबर सुचवला. सप्टेंबर म्हणजे गणपती, मागोमाग म्हाळ. कोकणातल्या माणसाला ऑगस्ट-सप्टेंबरात बाहेर काढणं म्हणजे रुजलेलं झाड उपटणं. शेवटी गणपती झाले, म्हाळ उरकला आणि १४ सप्टेंबर २०२५ ला निघालो. जाऊबाईंचा निरोपाचा प्रश्न, "पितृपक्षात खंय चललंस गो? आणि थंय मासे तरी गावतत काय?" पहिल्याला उत्तर नव्हतं. दुसऱ्याचं पुढे देते.

व्हिसाचं काम कंपनीने चोख केलं. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपी देशांत, आहे, म्हणून अर्ज शेंगेनचा, शुल्क माणशी ९० युरो, शिवाय निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. आमच्यासारख्यांची अडचण अशी की पगाराची पावती नाही. उत्पन्न कधी आंब्याचं, कधी खोल्यांचं, कधी ह्यांच्या होडीच्या हिश्शाचं. त्या मुलीने तीन वर्षांची विवरणपत्रं, पर्यटन नोंदणी, सातबारा, बँकेचे उतारे असं सगळं एका क्रमाने लावून घेतलं आणि वर धंद्याची माहिती देणारं एक पानी पत्र जोडलं. बोटांचे ठसे द्यायला मुंबईची एकच फेरी झाली, रात्री कुडाळला कोकणकन्येत बसलो की सकाळी मुंबई. बारा दिवसांत पासपोर्ट हातात. कंपनीची आखणीची फी २४,००० रुपये होती. तिच्यातले निम्मे इथेच वसूल झाले असं मी समजते.

उरलेल्या निम्म्याबद्दल बोलायचंय.

निघायच्या आठ दिवस आधी अठ्ठावीस पानांची पीडीएफ आली. मुखपृष्ठावर समुद्रातली भली मोठी दगडी कमान, खाली निळं पाणी. आत पाचव्या दिवशी लिहिलेलं, "अझूर विंडो येथे छायाचित्रासाठी थांबा." मी शेजारच्या मुलाला फोनवर दाखवलं, त्याने नकाशात शोधलं आणि म्हणाला, काकी, ही पडली. गोझो बेटावरची ही कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात समुद्रात कोसळली. आठ वर्षं झाली पडून! मी त्या मुलीला व्हॉट्सॲप केलं. "ओह, जुना टेम्प्लेट आहे मॅडम." तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण आमच्याकडेही जुनं जेवणाचं कार्ड असतं आणि त्यावरची तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, एकशिपी तीन वर्षं मिळत नाही. जुना कागद म्हणजे बघणारा कोणी नाही.

दुसरी बाब पैशाची. ठरलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे आधीच घेतला जाणारा प्राप्तिकर, म्हणून पाच टक्के वेगळे लागले, ते शेवटच्या हप्त्याला कळलं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर २०२५ मध्ये दहा लाखांपर्यंत हा दर होता आणि विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो, म्हणजे पैसे बुडत नाहीत. पण आयत्या वेळी पस्तीस-चाळीस हजार उभे करावे लागतात. हे पहिल्याच फोनवर सांगायला काय हरकत होती?

इस्तंबूलला विमान बदलून सोमवारी दुपारी पोचलो. गाडी उभी होती, नावाची पाटी धरलेला माणूस होता, गाडीत थंड पाणी होतं. आणि गाडी डावीकडून चालत होती, आपल्यासारखी. इंग्रजांनी १९६४ पर्यंत राज्य केलं, त्याची ही खूण. दुसरी खूण भिंतीवर, चौकोनी तीन पिनांचा इंग्रजी सॉकेट. कंपनीने प्रेमाने दिलेल्या "ट्रॅव्हल किट"मध्ये गोल दोन पिनांचा युरोपी अडॅप्टर होता. आठ दिवस तो पिशवीत निजला. हॉटेलने त्यांचा दिला.

हॉटेल व्हॅलेटात, म्हणजे माल्टाच्या राजधानीत, एका जुन्या वाड्याचं. रात्रीचे २८० युरो. खोलीला पुढे आलेला, लाकडी, रंगवलेला आणि चारी बाजूंनी बंद असा सज्जा. तिथे त्याला गल्लारिया म्हणतात. आत बसून बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरच्याला आपण दिसत नाही. माझ्या आजे सासूबाईंना अशी जागा मिळाली असती तर त्या स्वर्गातही गेल्या नसत्या. चादरी पांढऱ्याशुभ्र, कडक, आणि त्या मी घातलेल्या नव्हत्या. त्या बाबतीत पैसे वसूल.

ह्यांना मात्र भिंतीचं कौतुक. माल्टाचा पिवळसर चुनखडक खाणीतून काढताना मऊ असतो, करवतीने कापतात, आणि हवा लागली की कडक होतो. "म्हणजे आपलो चिरोच," हे म्हणाले. खरंच, जांभ्याचंही तेच. खाणीत ओला, घराला लागला की पोलाद. ह्यांच्या भावाची चिरेखाण आहे, त्यामुळे पुढचे आठ दिवस आम्ही देवळाबाहेर, किल्ल्याबाहेर, एका बेकरीबाहेर भिंतींना हात लावत उभे होतो. व्हॅलेटाचा पाया १५६६ चा, सिंधुदुर्गाचा १६६४ चा. अठ्ठ्याण्णव वर्षांचं अंतर. पाण्याची गोष्टही मिळतीजुळती: आपल्या किल्ल्यात समुद्राच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, आणि तिथे घराघराखाली खडकात खोदलेली पावसाच्या पाण्याची टाकी. हॉटेलवाल्याने तळघरातलं टाकं उघडून दाखवलं. वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. आमच्याकडे एवढा एखाद्या आठवड्यात पडतो. आता नळाचं निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं खारेपण काढून येतं.

एक राहिलं. ह्यांच्या उजव्या गुडघ्याबद्दल मी अर्जात, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर, असं तीनदा सांगितलं होतं. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट दुसऱ्यापर्यंत. वरचे एकोणीस जिने, म्हणजे पायऱ्या, दगडी आणि गोल फिरत जाणाऱ्या. हॉटेलच्या मुलाने दुसऱ्या दिवशी खालची खोली दिली, पण तिला सज्जा नव्हता. त्या सज्जासाठी मी पैसे भरले होते. असो. उलट शहरात बंदरापासून वरच्या बराक्का बागेपर्यंत ५८ मीटर उंच लिफ्ट आहे, तिने ह्यांचा गुडघा वाचवला. ती पीडीएफमध्ये नव्हती. बागेखाली दुपारी बाराला तोफ उडते. ती होती.

आता मंगळवार.

मंगळवारी पीडीएफप्रमाणे "मार्साश्लॉकचा सुप्रसिद्ध मासळी बाजार". खाजगी गाडी, ७० युरो. मी सकाळी सातपासून तयार. मालवणच्या बाईला दुसऱ्याच्या किनाऱ्यावरचा बाजार बघायची जी हौस असते ती मी शब्दात सांगू शकत नाही. पोचलो तर बंदर सुंदर, निळ्या-पिवळ्या-लाल होड्या, प्रत्येकीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन डोळे काढलेले. लुत्सू म्हणतात त्या होड्यांना, आणि डोळे वाईटापासून राखणदारी करतात. आपण नारळी पुनवेला होडीला हार घालतो, तसंच. पण फळ्यांवर काय? टेबलक्लॉथ. फ्रिजवर लावायची चुंबकं. बदामाची मिठाई. मध. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. ह्यांनी तेवढ्यात विचारून घेतलं, "मासे खंय असत?" अर्थात इंग्रजीत. मधवाल्या बाईने सांगितलं, मासळी बाजार रविवारी.

रविवारी! हे जगातल्या कुठल्याही माहितीपत्रकात असतं. माझ्याकडे उतरणाऱ्या पाहुण्याला मी लिलाव किती वाजता, रापण ओढायला कुठे उभं राहायचं, अमावस्येला काय मिळेल, सगळं सांगते, आणि त्याचे २४,००० घेत नाही. त्या मुलीला मेसेज केला. भारतात तेव्हा दुपार होती, लगेच उत्तर आलं, "सॉरी मॅडम, वीकडेला पण छोटं मार्केट असतं ना?" असतं. टेबलक्लॉथचं.

म्हणून रविवारी, २१ तारखेला, पीडीएफ बाजूला ठेवून आम्ही व्हॅलेटाहून बसने गेलो. माणशी तीन युरोंच्या आत तिकीट. साडेसातला पोचलो, कारण नंतर पर्यटक येतात आणि मासा बाजूला राहून फोटो सुरू होतात. तेव्हा मात्र डोळे निवले. तलवारीसारख्या तोंडाचे मासे आडवे कापलेले, ऑक्टोपसच्या राशी, लाल कोळंबी, आणि सगळ्यांच्या वर लाम्पुकी. कपाळ पुढे आलेला, सोनेरी-हिरवा मासा. ऑगस्टच्या मध्यापासून वर्ष संपेपर्यंत त्याचा हंगाम. पकडायची रीत ऐकून ह्यांनी तिथेच बैठक मारली: समुद्रात तरंगते तराफे सोडतात, वर माडाच्या जातीच्या झाडाची झावळं बांधतात, मासा त्याच्या सावलीला येऊन थांबतो आणि मग भोवती जाळं टाकतात. झावळ्यांच्या सावलीला! आमच्या दारात झावळ्यांचा ढीग पडलेला असतो, पावसाळ्याची चूल पेटवायला. ह्यांनी मासेवाल्याला विचारून विचारून भंडावलं. तो माल्टीत बोलत होता, मुलगा इंग्रजी करत होता. "मार्साश्लॉक" म्हणजे काय तेही त्यानेच सांगितलं: मार्सा म्हणजे बंदर, श्लॉक म्हणजे आग्नेयेचा वारा. वाऱ्याच्या नावाचं गाव. आमच्याकडे मतलई आणि खारा वारा माहीत नसलेला माणूस होडीत घेत नाहीत, तसंच हे.

त्यांची भाषा अरबीच्या कुळातली, पण लिपी रोमन. साबणाला सापून म्हणतात. आणि पक्के कॅथलिक लोक देवाला "आल्ला" म्हणतात, ते ऐकून मी दोनदा वळून पाहिलं.

त्याच दिवशी त्यांचा स्वातंत्र्यदिनही होता. परतलो तर व्हॅलेटात वाद्यं, गर्दी, काही दुकानं बंद, आणि आमची "संध्याकाळी खरेदी" हवेत. हेही पीडीएफला माहीत नव्हतं. आम्हाला बिघडलं नाही, बँड ऐकत उभे राहिलो.

जेवणाबद्दल थोडक्यात. "भारतीय जेवणाची सोय" या मथळ्याखाली तीन रात्री भारतीय हॉटेलात टेबल राखून ठेवलेलं. मी समुद्र ओलांडून पनीर खायला आले नव्हते. दोन रद्द केली. सोमवारची ठेवली, कारण सोमवारी हे मासे खात नाहीत, आणि डाळ बरी होती. रस्त्यावर मिळणारी पास्तित्सी, रिकोटा किंवा वाटाण्याचं सारण भरलेली कुरकुरीत घडी, ही खरी न्याहारी. एक युरोच्या आसपास. अठ्ठावीस पानांत तिचा उल्लेख नाही.

हायपोजियमचंही सांगते, नाहीतर विसरेन. जमिनीखाली खडकात कोरलेली पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी. एका वेळी फक्त दहा माणसं आत सोडतात, दिवसाला ८०, आणि तिकीट कित्येक आठवडे आधी काढावं लागतं. पीडीएफमध्ये लिहिलेलं, "तिकीट जागेवर घ्यावे". दारावरच्या बाईंनी इतक्या करुणेने पाहिलं की मला त्यांचीच कीव आली.

आता चांगलं. आणि चांगलं खूप चांगलं होतं, म्हणून तर राग जास्त.

सेंट जॉनच्या को-कॅथेड्रलमध्ये कंपनीने खाजगी वाटाड्या दिली होती, निवृत्त शिक्षिका. दोन तासांचे १३० युरो मला जड वाटले होते. इटालियन चित्रकार काराव्हाज्योचं १६०८ चं चित्र, सेंट जॉनचा शिरच्छेद, तिने आधी पाच मिनिटं एक शब्द न बोलता बघायला लावलं. मग दाखवलं की चित्रातल्या सांडलेल्या रक्तातच चित्रकाराने आपली सही केलीय, आणि सही असलेलं त्याचं हे एकच चित्र. फरशी म्हणजे सरदारांच्या संगमरवरी समाध्या, म्हणून टोकदार टाचा चालत नाहीत. माझी सपाट कोल्हापुरी आणि काठपदर, दोन्ही तिला फार आवडलं.

आणि गोझो. दोन रात्री जुन्या शेतघरात, स्वतंत्र तलावासह, रात्रीचे ३४० युरो. तिथे जायला कंपनीने माल्टाच्या उत्तर टोकाच्या चिर्केव्वा बंदरापर्यंत ९० युरोंची गाडी दिली. वास्तविक व्हॅलेटाच्या बंदरातून, त्याच लिफ्टच्या खालून, पाऊण तासात थेट गोझोला जाणारी जलद फेरीबोट आहे. चिर्केव्वाच्या मोठ्या फेरीबोटीवर जाताना तिकीट कोणी विचारतच नाही, गोझोहून परतताना घेतात. म्हणजे बेटावरून कधी परतायचं नाही असं ठरवणाऱ्यासाठी फुकट, असं हे म्हणाले.

पण घर! मी पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेले आणि सुरी बघितली. भाड्याच्या घरात धारेची सुरी असणं ही मी यजमानाची खरी परीक्षा मानते. बाकी सगळं पाहुण्याला दाखवायला असतं, सुरी पाहुण्याला वापरायला असते. होती. शिवाय टेबलावर टोपलीत पाव, टोमॅटो, केपर, मेंढीच्या दुधाच्या चीजच्या छोट्या चकत्या, आणि हाताने लिहिलेला कागद: कुठला नळ आधी सोडायचा, गावातला मासेवाला किती वाजता येतो, शेजारचं कुत्रं भुंकतं पण चावत नाही. कुत्र्याची ओळ वाचून मला आमच्या कोंबड्याची आठवण झाली. परत आल्यावर पहिलं काम म्हणून मी कोंबड्याबद्दल एक ओळ खोल्यांतल्या कागदावर वाढवली.

त्या संध्याकाळी लाम्पुकीचे तुकडे आणले. बॅगेतून मालवणी मसाला, आमसुलं आणि तिरफळं निघाली. खोबरं नव्हतं, म्हणून डब्यातल्या नारळाच्या दुधावर भागवलं. तलावाच्या काठावर बसून आम्ही भाताबरोबर हाताने जेवलो. सुट्टीत स्वयंपाक करायचा नाही हे ठरलं होतं. मोडलं. हे म्हणाले, मासा सुरमईपेक्षा जरा कोरडा. मी काही बोलले नाही, मला आवडला होता.

शुक्रवारी पहाटे कोमिनो या छोट्या बेटाच्या निळ्या लगूनला खाजगी होडी. इथे त्या मुलीला पुरे गुण. मोठ्या बोटी येण्याआधी पावणेआठला आम्ही पाण्यात होतो, किनाऱ्यावर उतरण्यासाठी २०२५ पासून आधी नोंदणी करावी लागते ती तिने करून ठेवली होती, आणि वारा फिरला तर दुसऱ्या बाजूच्या गुहांकडे न्यायचं हेही होडीवाल्याशी ठरवून ठेवलं होतं. साडेदहाला गर्दी सुरू झाली तेव्हा आम्ही परतत होतो. तारकर्लीचं पाणी मार्च-एप्रिलात छान दिसतं, पण हे पाणी म्हणजे काचेखाली दिवा लावल्यासारखं. मी साडी सोडून पंजाबी ड्रेसवर तरंगले. फोटो आहेत, दाखवणार नाही.

दुपारी श्वेइनीची मिठागरं. आमच्या शिरोड्याची मिठागरं मातीच्या बांधांची, १९३० च्या सत्याग्रहाने गाजलेली. गोझोतली सरळ किनाऱ्याच्या खडकात खोदलेली, बुद्धिबळाच्या पटासारखी, आणि काही घराणी अजून मीठ काढतात. अर्धा किलो आणलं.

एकूण खर्च दोघांचा आठ रात्रींचा, विमान धरून, ७ लाख ४० हजार. महाग आहे. व्हिसाचे कागद वेडेवाकडे असतील, होडी-वाटाड्या-घर हवं असेल, तर ही कंपनी घ्या. दिवसांची आखणी मात्र त्यांच्यावर सोडू नका. प्रत्येक दिवसापुढे वार लिहून मागा, आणि त्या वारी ते ठिकाण उघडं असतं का हे स्वतः बघा. गुडघा असेल तर मजला लेखी घ्या. पाचात तीन, आणि अर्धा त्या मुलीला वेगळा, रात्री दोन वाजताही उत्तर द्यायची म्हणून.

हे सगळं मी त्यांना आधी पत्राने कळवलं होतं. त्यांनी सज्जाच्या फरकाचे पैसे परत केले, माफी मागितली, नवी पीडीएफही पाठवली, बघा म्हणून. मुखपृष्ठावरची कमान काढलीय. मासळी बाजार अजून मंगळवारीच आहे.